अंताच्या धुरीचं दार

दिवाळी अंकवाल्या बाईंचा फोन आला, तुमच्या धंद्यातला अनुभव लिहून द्या. म्हटलं, बाई, चुकीचा नंबर लागला. त्या म्हणाल्या, तुम्हीच ना मिरकरवाड्याचे गणू वेल्डर? म्हटलं, मीच तो. पण अनुभव आलाय तो लोकांना, माझा. मला कसला येतोय.

तरी लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर सोडत नव्हते म्हणून. माझं अक्षर माझ्या वेल्डिंगसारखं आहे, दिसायला गचाळ पण तुटायचं नाही. असं मी म्हणतो. बाकीचे यातलं पहिलं अर्धंच म्हणतात.

माझं काम मिरकरवाड्याच्या बंदरात, रत्नागिरीला. ट्रॉलरचं जे काय लोखंडाचं तुटेल ते जोडायचं, आणि जे तुटलं नाही ते जोडता जोडता तोडायचं. त्यातल्या त्यात माझं नाव होतं झाकणांसाठी. ट्रॉलरच्या पोटात बर्फ आणि मासळी भरायचा खण असतो, त्याला डेकवर झाकण लागतं. हे झाकण हलकं असून चालत नाही. लाट डेकवर आली की हलकं झाकण उचलते, पाणी आत, बर्फ वितळला, मासळी गेली. म्हणून मी झाकण जड करायचो. किती जड याला माझ्याकडे काही माप नव्हतं. मला स्वतःला उचलेनासं झालं की झालं तयार.

एका तांडेलाला असंच झाकण करून दिलं. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा राजा. त्याचे खलाशी ते उचलताना वाकले ते वाकलेच. तांडेल म्हणाला, "गणू, मासळी ठेवायची हाय की पुरायची?"

मी म्हटलं, "लाटेला उघडणार नाय, हे बघ."

पुढे ती बोट वादळात सापडली. भांडी गेली, जाळं गेलं, एकाची पँट वाळत घातली होती ती गेली. झाकण जागच्या जागी. तांडेल पापलेटं घेऊन माझ्या शेडमध्ये आला, मी छाती फुगवून उभा. म्हणाला, "मेल्या, झाकण वाचलं रे. पण धक्क्यावर येऊन ते उघडेपर्यंत लिलाव आटपला."

पापलेटं मात्र ठेवून गेला.

ही सवय मग हाताला लागली ती लागलीच. एका आंबेवाल्याच्या बागेला गेट करून दिलं. पावसाळ्यात ते खाली बसलं आणि उघडताना जमीन नांगरायला लागलं. बागेच्या राखणदारानं नोकरी सोडली. जाताना मालकाला सांगून गेला, चोर एक वेळ परवडेल, हे गेट नको. बिजागरी, कडी, कोयंडा, दार, एवढंच माझ्या डोक्यात. लग्नासाठी एकदा मुलगी बघायला गेलो होतो चिपळूणकडे. त्यांच्या पुढच्या दाराची बिजागरी सैल होती, तीच बघत बसलो. घरी येताना मामानं विचारलं, मुलगी कशी वाटली? मला तिचा चेहरा आठवेना. दार आठवत होतं. त्यानंतर कुणी मला दाखवायला नेलं नाही, मीही गेलो नाही. आता वाटतं, दार तेव्हाच दुरुस्त करून दिलं असतं तर निदान जाणं-येणं राहिलं असतं.

डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा बंदरातली शेड सोडली आणि मशीन घेऊन वाडीत परत आलो. आमची वाडी रत्नागिरीहून एसटीनं पाऊण तास. घरं खूप, माणसं कमी. घरांचे रंग ताजे, मुंबईला गेलेले गणपतीला येतात तेव्हा मारून जातात. आत कोण नाही. मी सकाळी उठून रस्त्यावर येऊन उभा राहायचो, कुणी दिसलं तर त्याची काहीतरी चेष्टा करावी म्हणून. दुपारपर्यंत माणूस दिसला नाही की कुत्र्याची करायचो.

वाडीत माझ्या वयाचा एकच उरला होता, अंता. आम्ही एकाच वर्गात नापास झालेले. मी बंदरात गेलो आणि तो बोटीवर, परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवर. भांडी घासायला लागला आणि मुख्य कुक होऊन उतरला. जगातलं सगळं मांस त्यानं शिजवलंय. घरी परत आला आणि त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात नाही सुधारला. तो हात नुसता खांद्याला टांगलेला. त्याची बायको, शालिनी वहिनी, तेव्हा डोंबिवलीला मुलाकडे होती, नात लहान, सून नोकरीला. ती वाडीत येऊन राहिली महिनाभर, पण तिकडे मूल रडतं, इकडे नवरा रडत नाही, मग जो रडतो त्याच्याकडे माणूस जातं. ती गेली. मुलगा प्रशांत फोनवर रोज एकच सांगायचा. बाबा, एकटे तिथे काय करता, एका हाताने जेवण तरी करता येतं का, घराला कुलूप लावा आणि इकडे या.

शेवटी अंतानं त्याला कबूल केलं. शिमग्याला ये. मी तुम्हा सगळ्यांना माझ्या हातानं जेवायला घालतो. नाय जमलं तर तुझ्याबरोबर गाडीत बसतो.

फोन ठेवून तो तडक माझ्याकडे आला.

"गणू, मला एक पेटी बनवून दे."

"पेटी? भजनी मंडळात शिरतोस काय? आवाज हाय का तुला?"

"शिंच्या, मांस धुरावायची पेटी. स्मोकर म्हणतात. अमेरिकेच्या बंदरात बघितलीय मी. लोखंडाची, आडवी. एका अंगाला लाकूड जळतं, धूर आतून फिरतो, मांस आत टांगलेलं. सकाळी टांगायचं, दुपारी काढायचं. ढवळायला नको, परतायला नको. एका हाताचा स्वयंपाक."

मला लगेच समजलं, कारण आमच्या घरी चुलीवर आडव्या काठीला मासे टांगलेले असायचे. धूर बसून काळे व्हायचे, पावसाळा काढायचे. मी म्हटलं, म्हणजे धुरी. तेव्हापासून ती धुरी झाली.

सामान मिरकरवाड्याच्या भंगारवाल्याकडून आणलं. जेटीच्या कामातून उरलेला जाड पाईप, आत बकरा झोपेल एवढा. पाईपाला दार पाडायचं म्हणजे कलिंगडाला खाप पाडतात तसंच. पण एक गंमत आहे. जाड पत्रा गोल वाकवलेला असतो, त्याच्या अंगात ताण असतो. चारी बाजूंनी कापून मोकळा केलात की तो फाकतो, मग परत त्या भोकात बसत नाही. म्हणून आधी एकच बाजू कापायची, तिथे बिजागऱ्या जोडून टाकायच्या, आणि मग बाकीच्या तीन बाजू. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन पाईप फुकट घालवून शिकलो, दोन्ही लोकांचे.

दार झालं. पाईपाच्या वरच्या अंगाला, मागे बिजागरी, पुढून वर उचलायचं. मी मूठ धरून उचललं आणि माझ्या कमरेत कळ आली. मला आनंद झाला. म्हटलं, काय पक्कं झालंय!

अंतानं उजव्या हातानं मूठ धरली. दार हललं नाही. मग माझ्याकडे बघितलं.

"गणू, ह्याच्यात कोंबडी ठेवायची हाय. समुद्र नाय यायचा आमच्या अंगणात."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, उशिरा पडतो पण पडतो. ह्या माणसाकडे एकच हात. त्या हातानं दार उचललं तर कोंबडी कुठच्या हातानं ठेवणार? दार नुसतं हलकं असून भागणार नाही, सोडलं तिथे थांबलं पाहिजे. आणि जन्मभर मी केलीत ती सगळी दारं, सोडलं की धाडकन आपटणारी.

उपाय तराजूचा. दाराच्या मागे, बिजागरीच्या पलीकडे, एक लोखंडी दांडा काढायचा आणि त्याच्या टोकाला वजन टांगायचं. पुढे दाराचं वजन, मागे हे, दोन्ही सारखी झाली की दार तरंगतं. वजन किती ते लावून बघायचं. माझ्याजवळ तेव्हा लोखंड नव्हतं, अंताच्या विहिरीजवळ चिऱ्यांचा, म्हणजे घर बांधायच्या जांभ्या दगडांचा, ढीग होता. एक चिरा तारेनं बांधून टांगला. जास्त झाला, दार आपोआप उघडून उभं राहिलं. मग कोयत्यानं चिऱ्याचे टवके काढत बसलो. थोडं तासायचं, टांगायचं, बघायचं. एका क्षणी दार अर्ध्यावर सोडलं आणि ते तिथेच राहिलं. अंतानं बोटानं वर केलं, राहिलं. खाली केलं, राहिलं.

तो लहान पोरासारखा हसायला लागला. "गणू, तुला डोकं हाय रे!"

म्हटलं, "चिरा तात्पुरता हाय. नंतर लोखंड लावू." आमच्याकडे बापानं तात्पुरतं लावलेलं पुढे मुलगा वापरतो.

तिथून पुढे भुतावळ सुरू झाली. मी रोज सकाळी चहाला जायचो, दार लोण्यासारखं. अंता दिवसभर धुरी पेटवून शिमग्याचा सराव करायचा आणि संध्याकाळी फोन करायचा, "दार उचलत नाय रे." दुसऱ्या सकाळी जाऊन बघतो तर बोटानं उघडतंय. मी त्याला चिडवायचो. "मी आलो की दाराला लाज वाटते बहुतेक." किंवा, "दुपारी काय घेऊन बसतोस काय?" तो हसायचा. मग हसेनासा झाला. मग फोनही करेनासा झाला. मला वाटलं सवय झाली.

एका सकाळी गेलो तर तो पडवीत बसलेला. अंगण, धुरी, दांडा, सगळं धुऊन लख्ख. बोटीवरची सवय, सकाळी उठून पाण्याच्या पाईपनं सगळं धुतल्याशिवाय चहा घेणार नाही. मी कप उचलला तेव्हा तो म्हणाला,

"गणू, उजवा पण चाललाय."

"काय?"

"हात. सकाळी ताकद असते. दुपार झाली की संपते. दार तेच, हात तो राहिला नाय. डावा गेला तेव्हा पण आधी असंच झालं असणार, मला कळलं नसेल. प्रशांतला सांगतो, शिमग्याची वाट बघू नकोस, आताच ने."

मला विनोद सुचला नाही. असं माझं कधी होत नाही. मी म्हणालो, "आज दिवसभर थांबतो इथेच." आणि चहा पीत बसलो. उजवा हात गेला तर हा माणूस स्वतःच्या तोंडाला पाणी तरी कसं लावणार, एवढंच डोक्यात येत होतं. आणि तो गेला तर मी चहाला कुठे जाणार, हे पण येत होतं. ते खोटं का सांगू.

आंब्याच्या सुक्या फांद्या पेटवल्या. वर करवंट्या टाकल्या. आत दोन कोंबड्या. सकाळी दार त्यानंच उघडलं, त्यानंच लावलं. दुपारी कोंबड्या बघायची वेळ झाली. अंतानं मूठ धरली, दार थोडं वर आलं आणि हातातून सुटून आपटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. अंगणाच्या गडग्याकडे, दगडी कुंपणाकडे, बघत राहिला.

"सर बाजूला, मला बघू," म्हणून मी मूठ धरली. धरली आणि माझ्या कमरेत तीच जुनी कळ आली.

"अंता," मी ओरडलो, "हात तुझा नाय बिघडला! दार जड झालंय!"

"आता मला बरं वाटावं म्हणून बोलू नको."

"अरे मेल्या, मी आजवर कुणाला बरं वाटावं म्हणून काय बोललोय?"

हे त्याला पटलं. दोघं मागच्या बाजूला गेलो. सकाळी चिरा काळपट लाल होता, आता फिकट, विटक्या रंगाचा. मी हात लावला तर चटका बसला. धुरीचा जाळाचा खण मी मागच्या अंगाला काढला होता, आणि दगड टांगला होता नेमका त्याच्या वर. हा शहाणा रोज सकाळी चिऱ्याला आंघोळ घालणार. चिरा तो, सगळा भोकाभोकांचा, पोटभर पाणी पिणार, जड होणार, दार हलकं. दुपारपर्यंत खालचा जाळ तो वाळवणार, दगड हलका, दार जड. आणि मी तो तासला होता तोसुद्धा विहिरीजवळचा, पाण्यात भिजलेला. जन्म चिऱ्याच्या घरात गेला. पावसाळ्यात त्याच भिंतींना ओल येते ती बघत म्हातारा झालो. आणि मी तराजूत वजन म्हणून पाणी पिणारा दगड लावला.

अंतानं दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र आवाज आला. पुन्हा एक तांब्या, पुन्हा एक. मग पुढे जाऊन दार उचललं. आलं वर. तो दाराची मूठ धरून तसाच उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. मला म्हणाला, डोळ्यात धूर गेला. जाळ तर विझला होता.

मग मी बंदरात जाऊन ट्रॉलरच्या जुन्या शाफ्टचा तुकडा आणला. दांड्यावर आटे पाडून बसवला, मागेपुढे सरकवता येईल असा. लोखंड पाणी पीत नाही, हे मला म्हातारपणी कळलं.

शिमग्याला वाडी भरली. गाड्या लावायला जागा नाही. पालखी घरोघर फिरून गेली आणि दुसऱ्या दिवशी अंतानं धुरी पेटवली. प्रशांत, सून, वहिनी, शेजारची मुंबईहून आलेली घरं, सगळी अंगणात. अंतानं एका हातानं दार उघडलं, सोडलं, दार थांबलं. त्याच हातानं एकेक कोंबडी काढून परातीत ठेवली. तांबूस काळी, चकचकीत. सगळे बघत होते, अंता कुणाकडे बघत नव्हता. आतापर्यंत माझी दारं नेमकी लोक बघत असताना दगा द्यायची.

वहिनींनी पुढे होऊन दार खाली-वर करून बघितलं. "अगो बाई, आमच्या डोंबिवलीच्या कपाटापेक्षा हलकं. भावोजी, हे तुम्ही केलंत?"

"चुकून झालं," मी म्हटलं.

प्रशांत जेवला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "बाबा, ठीक आहे. राहा तुम्ही इथे. मी परत विषय काढणार नाही."

अंता हसला. मला वाटलं, जन्मात एक दार धड झालं, तेही हवं त्या वेळेला. त्या दिवशी मी एवढं जेवलो की घरी जाताना मला टेकायला गडगा लागला.

दोन दिवसांत गाड्या गेल्या. पुढच्या रविवारी अंतानं परत धुरी लावली. त्या एवढ्या मोठ्या पाईपात एक कोंबडी, रिकाम्या एसटीत एकच पॅसेंजर असावा तशी. आम्ही दोघांनी खाल्ली, उरली, कुत्र्याला घातली. त्यानंतरच्या रविवारी बांगडे लावले. तो खाईना. म्हणाला, "बोटीवर मी ताट वाढलं की पोरं यायची, शिव्या देत यायची, मीठ कमी, तिखट जास्त. मला ते चालायचं." मी लगेच म्हटलं, मीठ कमी आहे, तिखट जास्त आहे. तो हसला, पण माझ्यासाठी हसला.

मग एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाला, "मी जातोय डोंबिवलीला."

"प्रशांतनं फोन केला परत?"

"नाय. मीच केला."

"मग एवढं दार कशाला रे करवून घेतलंस माझ्याकडून? माझी कंबर गेली त्याच्यात."

"दार उघडलं नसतं तर मला उचलून नेलं असतं. आता मी जातोय. फरक हाय तो."

"तिकडे धूर कुठे करणार? शेजारी पोलीस बोलावतील."

"धुराचं बघू. जेवायला माणसं तरी हायत."

मी ‘आणि मी?’ असं म्हणालो नाही. मी म्हणालो, "आणि ही धुरी?"

"तुला घे."

"माझ्या अंगणात नेणार कोण? वाडीत उचलायला माणसं कुठे हायत?"

"मग इथेच येऊन लावत जा."

त्याला स्टेशनवर सोडायला रिक्षात मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो, वळणावर त्याला धरायला. गाडी आल्यावर तो खिडकीतून म्हणाला, "गणू, दार बाकी फर्स्ट क्लास झालं." मी काहीतरी वेडंवाकडं तोंड केलं. गाडी गेल्यावरसुद्धा थोडा वेळ ते तसंच राहिलं असणार, कारण हमाल माझ्याकडे बघत होता.

एकदा जाऊन धुरी लावली मी. एक बांगडा. नको ते.

मग वांदर आले. आमच्याकडे वांदरांचा त्रास आहेच, त्यांना ते दार सापडलं. बोटानं उघडतंय म्हटल्यावर काय. एक दारावर बसायचा, एक मागच्या लोखंडावर, खाली-वर, खाली-वर. दिवसभर धाडधाड आवाज माझ्या घरापर्यंत. दोन-तीन दिवस मी काही केलं नाही. खरं सांगायचं तर अंताच्या अंगणातून आवाज येतोय हे मला बरं वाटत होतं. पण बिजागरी सैल व्हायला लागली, आणि पावसाळा तोंडावर. दार उघडं राहिलं तर आत पाणी साठून पाईप कुजणार.

म्हणून पाना घेऊन गेलो आणि मागचं लोखंड काढून ठेवलं. दार बसलं ते बसलं. वांदरांनी एक दिवस ओढून बघितलं, मग आले नाहीत. अंताचा फोन येतो. धुरी कशी हाय, विचारतो. पक्की हाय, म्हणतो मी. खोटं नाही ते. आता ते दार उघडायला दोन माणसं लागतात.